गोव्यातली एक सहल आणि वऱ्हाडची वाट

१/ वाचकहो, मित्राला बरोबर घेऊन एखादे युरोपीय शहर पाहायला जाणे ही आज तरुणांची हौस झाली आहे. आजचा धागाही अशाच एका शहराचा आणि तिथे एकत्र आलेल्या मित्रांचा आहे. फरक इतकाच, की काळ सोळाव्या शतकाचा आहे, शहर युरोपीय असूनही आपल्याच किनाऱ्यावरचे आहे, आणि ज्या सहलीची ही गोष्ट आहे ती सहल म्हणजे एक बतावणी होती. त्या बतावणीचा माग मांडवीच्या काठावरून थेट आपल्या वऱ्हाडात येतो. म्हणून आरंभ वऱ्हाडापासून, बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडपासून करू.

२/ रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातले गाव बालाघाटाच्या अगदी पायथ्याशी वसले आहे. खाली पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन, वर घाटमाथा. खानदेश-बुऱ्हाणपूरकडून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या फौजांना अशा घाटांच्या तोंडाशी यावेच लागे. म्हणूनच या लहानशा गावाचे नाव मोठ्या लढायांत आढळते. इ.स. १४३७ मध्ये बहामनी सरदार खलफ हसन याने वऱ्हाडावर चालून आलेल्या खानदेशच्या नासिरखानाचा इथेच पराभव केला आणि बुऱ्हाणपूरपर्यंत त्याचा पाठलाग केला.

३/ रोहिणखेडात एक लहान पण देखणी मशीद आहे. ती खुदावंद खान महदवी याने इ.स. १५८२ मध्ये बांधली. महदवी म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहंमदाला महदी मानणारा पंथ. वऱ्हाडची इमादशाही १५७४ मध्ये संपली होती आणि हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला होता. १५८२ हे साल लक्षात ठेवा. मशिदीचा चुना अजून नवा असताना, दोनच वर्षांत, तीन इंग्रज वऱ्हाडातून उत्तरेकडे जाणार होते.

४/ ते आले कुठून? फेब्रुवारी १५८३ मध्ये लंडनहून ‘टायगर’ नावाचे जहाज सिरियाच्या किनाऱ्याकडे निघाले. त्यात जॉन न्यूबेरी हा अनुभवी व्यापारी मुखिया होता. सोबत राल्फ फिच हा तिशी ओलांडलेला व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि वाटेत त्यांना सामील झालेला जेम्स स्टोरी हा चित्रकार. न्यूबेरीजवळ राणी एलिझाबेथची दोन पत्रे होती, एक अकबर बादशहासाठी आणि दुसरे चीनच्या सम्राटासाठी. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये अलेप्पोला गेलेल्या ‘टायगर’ जहाजाचा उल्लेख येतो, तो याच आठवणीचा धागा मानला जातो.

५/ अलेप्पो, बगदाद, बसरा असा प्रवास करीत ही मंडळी होर्मुझला पोहोचली. होर्मुझ पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि १५८० पासून पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचा राजा फिलिप बसला होता. इंग्लंडशी त्याचे वैर वाढत चालले होते. एका व्हेनिसकर व्यापाऱ्याने कागाळी केली, की हे लोक हेर आहेत. शिवाय ड्रेक याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या वेळी मोलुक्काजवळ पोर्तुगीज गलबतावर तोफा डागल्याचा राग होताच. चौघांना कैद करून जहाजाने गोव्याला धाडण्यात आले. नोव्हेंबर १५८३ च्या अखेरीस ते गोव्याच्या तुरुंगात पडले.

६/ आता ते शहर पाहू. आज आपण जुने गोवे म्हणतो ते तेव्हा पोर्तुगीज पूर्वेची राजधानी होते. ‘सरळ रस्ता’ या अर्थाच्या नावाची एक मुख्य पेठ होती. सणवार वगळता तिथे रोज सकाळी लिलाव भरे. अरबी घोडे, मसाले, कापड, जडजवाहीर यांबरोबर गुलाम म्हणून माणसेही विकली जात. श्रीमंत फिरंगी डोक्यावर छत्री धरणाऱ्या चाकरांसह मिरवीत. सेंट पॉलच्या विद्यालयात १५५६ पासून छापखाना चालू होता. १५६० पासून धर्मन्यायसभेची दहशतही होती. वैभव आणि भय, दोन्ही एकाच रस्त्यावर नांदत होते.

७/ या शहराचे सर्वांत बारकाईने वर्णन केले ते एका विशीतल्या पोराने. यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन हा १५६३ चा जन्म असलेला डच तरुण. देशोदेशींची सफर करावी, नवे मुलूख पाहावे, या ओढीने तो घराबाहेर पडला आणि नव्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून सप्टेंबर १५८३ मध्ये गोव्यात उतरला. त्याच पदरी बर्नार्ड बुर्खर्ट्स नावाचा हॅम्बुर्गकडचा त्याचा एक सहकारी मित्र होता. परमुलखात स्वभाषेच्या जवळचे चार शब्द बोलणारा माणूस भेटला, की मैत्री जुळायला वेळ लागत नाही.

८/ इंग्रज कैदी आल्याची वार्ता या दोघा मित्रांच्या कानी गेली. आर्चबिशपच्या घरातले असल्याने त्यांच्या शब्दाला थोडे वजन होते. ते कैद्यांसाठी धडपडू लागले. पण त्याहून मोठा आधार मिळाला तो एका पाद्र्याकडून, आणि हा पाद्री मराठी वाचकाला अनोळखी नाही.

९/ फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडातल्या विल्टशायरचा हा जेझुइट ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात आला. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याची नोंद होते. साष्टीच्या मुलखात राहून त्याने इथली भाषा आत्मसात केली आणि पुढे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. मराठीचा गौरव मुक्तकंठाने करणारा हा कवी १५८३ च्या डिसेंबरात मात्र आपल्या चार देशबांधवांसाठी अधिकाऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता.

१०/ येथे एक क्षण थांबावे. स्टीफन्स कॅथलिक होता. त्याच्या मायदेशी कॅथलिक पाद्र्यांना देहदंड दिला जात होता. १५८१ मध्येच एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला लंडनमध्ये फाशी झाली होती. आणि ज्यांच्यासाठी तो रदबदली करीत होता ते त्याच राणीची पत्रे घेऊन आलेले व्यापारी होते. धर्माने दुरावलेली माणसे परक्या शहरात भाषेने आणि मातीने जवळ आली. इतिहासाच्या पुस्तकांत राजांची वैरे ठळक अक्षरांत येतात. अशी रदबदली तळटिपेत राहते.

११/ अखेर दोन हजार डुकाटांचा जामीन ठरला आणि नाताळच्या तोंडावर कैदी सुटले. चित्रकार स्टोरी याला जेझुइटांनी ठेवून घेतले. त्यांना आपल्या देवळासाठी चितारी हवाच होता. बाकी तिघांनी भर पेठेत घर घेतले आणि जवळचा माल विकायला मांडला. न्यूबेरीने जानेवारी १५८४ मध्ये गोव्याहून पाठवलेल्या पत्रांत धंदा बरा चालल्याची वार्ता आहे. वरवर पाहता सारे सुरळीत होते. चार मित्र, एक भरभराटीचे शहर, खिशात पैसा.

१२/ पण सुटका पुरती नव्हती. जामीन होता तोवर गाव सोडण्यास मनाई होती. व्हाइसरॉयकडे दाद मागता उत्तर कडक मिळाले. मग कानावर आले, की त्यांना हात मागे बांधून दोराने टांगण्याची शिक्षा मिळणार आहे. युरोपात कबुलीजबाबासाठी वापरली जाणारी ही यातना खांदे निखळवून टाकी. आयुष्यभर गुलामीच्या भीतीत राहण्यापेक्षा पळ काढावा, असे तिघांनी ठरवले. फिचने आपल्या हकिकतीत हे कारण स्पष्ट नोंदवले आहे.

१३/ आता ती सहल. लिन्सखोटेन सांगतो, की त्यांनी गुपचूप आपला पैसा जडजवाहिरांत बदलला, कारण रत्ने अंगावर लपवता येतात. मग खाण्यापिण्याचे साहित्य आणि मद्य घेऊन ते नदीपलीकडे मौजेला जात असल्याचा देखावा केला. गोव्याचे फिरंगी असे फेरफटके नेहमीच करीत, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तिसवाडीचे बेट ओलांडले, की थोड्याच अंतरावर आदिलशाही मुलूख लागे. फिच तारीख देतो ५ एप्रिल. छापील पाठात साल १५८५ आहे, पण अनेक अभ्यासक ते १५८४ धरतात. त्या संध्याकाळी सहलीची मंडळी परतली नाहीत.

१४/ पुढचे दोन दिवस ते पायी चालले. वाट ठाऊक नाही, वाटाड्या नाही, कुणावर विश्वास टाकण्याची सोय नाही. प्रथम लागले बेळगाव. तिथला हिरेमाणकांचा बाजार पाहून फिच थक्क झाला. मग विजापूर, जिथे इब्राहिम आदिलशहा दुसरा हा बालराजा गादीवर होता. मग कुतुबशाही गोवळकोंडा. तेथून बिदरकडे. लीड्स जवाहिऱ्या असल्याने हा मार्ग निरर्थक नव्हता. दख्खनची रत्ने ज्या बाजारांतून फिरत, तेच बाजार ते पाहत चालले होते.

१५/ बिदरकडून फिचची वाट ‘बेल्लापोर’ला येते आणि तेथून बुऱ्हाणपूरला. हे बेल्लापोर म्हणजे अकोला जिल्ह्यातले बाळापूर, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे १५८४ च्या उन्हाळ्याअखेरीस किंवा पावसाच्या तोंडावर हे तिघे वऱ्हाड ओलांडून गेले. रोहिणखेड बाळापूरच्या पश्चिमेला, दोन-तीन मजलांवर. फिचच्या हकिकतीत रोहिणखेडचे नाव नाही. ‘आमच्या गावात पहिला इंग्रज आला होता’ असा दावा त्यावरून करू नये. इतके मात्र म्हणता येते, की त्याच खोऱ्यातून, त्याच काळ्या मातीतून, मशीद नवी असतानाच ते गेले.

१६/ त्या वेळी वऱ्हाड अस्वस्थ होते. अहमदनगरात मुर्तझा निजामशहाच्या दरबारी सलाबतखानाचा वरचष्मा होता आणि वऱ्हाडचा सुभेदार सय्यद मुर्तझा सब्झवारी त्याच्याविरुद्ध उठला होता. याच उठावात खुदावंद खानाचे नाव येते. सुभेदार हरला आणि अकबराच्या आश्रयाला गेला. निजामशहाचा भाऊ बुऱ्हाण हाही याच सुमारास परागंदा होऊन मोगल दरबारी पोहोचला. म्हणजे दख्खनमधून उत्तरेकडे जीव घेऊन निघालेले आपले तीन इंग्रज एकटे नव्हते. या वाटेवर राजपुत्र, सुभेदार आणि व्यापारी एकाच दिशेला धावत होते.

१७/ मग फिचने काय पाहिले? बुऱ्हाणपूरच्या संदर्भात तो मातीची, गवताने शाकारलेली घरे सांगतो. पावसाळ्यात रस्त्यांतून इतके पाणी वाहते, की घोड्याशिवाय जाता येत नाही. सुती कापड आणि रंगीत छापील वस्त्रे विपुल. आणि वाटेतल्या गावोगावची लग्ने. आठ-दहा वर्षांचा नवरा, पाच-सहा वर्षांची नवरी, दोघे एकाच सजवलेल्या घोड्यावर, पुढे वाजंत्री, मग भाताचे आणि फळांचे जेवण, आणि रात्रभर नाच. आपल्या भागातल्या वरातीच्या अगदी आरंभीच्या इंग्रजी वर्णनांपैकी हे एक आहे.

१८/ हे वर्णन वाचताना मन दोन ठिकाणी अडते. एकीकडे वाजंत्रीचा आवाज ओळखीचा वाटतो. आपल्याकडची वरात पाहिलेल्या कुणालाही तो ऐकू येईल. दुसरीकडे घोड्यावरच्या त्या पाच वर्षांच्या मुलीचे वय टोचते. फिचने ते जसे पाहिले तसे लिहिले, निंदा केली नाही की स्तुती केली नाही. बालविवाहाला कायद्याने वेसण घालणारा शारदा कायदा यायला १९२९ उजाडावे लागले. म्हणजे त्या मुलीनंतर साडेतीन शतके. परक्या प्रवाशाच्या एका ओळीत आपल्या समाजाचे असे निरुत्तर करणारे चित्र राहून जाते.

१९/ तिघे मित्र मांडू, उज्जैन करीत आग्रा आणि फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. तिथे वाटा फुटल्या. लीड्सला अकबराने चाकरीत घेतले आणि घर, घोडा, गुलाम व रोजचे वेतन दिले. न्यूबेरी लाहोरमार्गे मायदेशी निघाला आणि वाटेत कुठे मेला ते कुणालाच कळले नाही. फिच एकटा बंगाल, पेगू, मलाक्कापर्यंत गेला. चौथा स्टोरी गोव्यातच राहिला. जेझुइटांना सोडून त्याने एका मिश्रवंशीय घरातल्या मुलीशी लग्न केले आणि कुंचला तिथेच चालवला. ज्या शहरातून तिघे जिवाच्या आकांताने पळाले, तेच चौथ्याचे घर झाले.

२०/ परतीच्या प्रवासात, १५८९ च्या अखेरीस, फिच पुन्हा गोव्यात आला. तीन दिवस राहिला आणि चौलकडे निघून गेला. त्या तीन दिवसांत त्याने काय पाहिले हे तो सांगत नाही. ज्या नावेने ते ‘मौजेला’ गेले होते तो धक्का त्याला दिसला असेल. न्यूबेरी नव्हता, लीड्स दूर होता. प्रवासवर्णनांत जे लिहिलेले असते त्यापेक्षा अशी मोकळी जागा कधी कधी अधिक बोलते. एप्रिल १५९१ मध्ये तो लंडनला पोहोचला, तेव्हा तो मेला असे समजून घरच्यांनी त्याच्या मालमत्तेची वाटणी केलेली होती.

२१/ आता परिणाम पाहा. फिचच्या माहितीचा उपयोग १६०० मध्ये स्थापन झालेल्या इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने केला. दुसरीकडे लिन्सखोटेनने गोव्यात पाच वर्षे मुक्काम करून पोर्तुगीजांचे जलमार्ग, बंदरे, मालाचे व्यवहार टिपून ठेवले. त्याचे पुस्तक १५९६ मध्ये डच भाषेत आणि १५९८ मध्ये इंग्रजीत निघाले. १६०२ मध्ये डच कंपनी उभी राहिली. पोर्तुगीजांची मक्तेदारी मोडली ती तोफांनी, पण तोफांना वाट दाखवली ती एका कारकुनाच्या वहीने. ज्याला त्यांनी निरुपद्रवी पोर समजून शहरात मोकळे फिरू दिले, त्यानेच शहराचा नकाशा जगापुढे ठेवला.

२२/ आणि रोहिणखेड? फिच लंडनला परतला त्याच सुमारास, १५९०-९१ मध्ये, अकबराच्या दरबारातून परतलेला तोच बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन आला. अहमदनगरच्या गादीवर त्याचाच मुलगा इस्माईल होता आणि सत्ता जमालखान महदवीच्या हाती होती. दोन्ही फौजा रोहिणखेडपाशी भिडल्या. जमालखान पडला, इस्माईल बापाच्या कैदेत गेला आणि बुऱ्हाण निजामशहा झाला. बाप-लेकाच्या या लढाईचा निकाल ज्या रानात लागला, तिथून जवळच जमालखानाच्या अनुयायाने बांधलेली ती मशीद उभी होती. पाचएक वर्षांतच, १५९६ मध्ये, वऱ्हाड मोगलांकडे गेला.

२३/ एकच दशक, दोन प्रकारच्या नोंदी. गोव्यातल्या मित्रांनी कागदावर लिहिले, ते छापले गेले, भाषांतरित झाले, आणि त्यातून साम्राज्यांना वाटा मिळाल्या. रोहिणखेडच्या माणसांनी कागदावर लिहिले नाही. त्यांची नोंद दगडात राहिली, आणि लढाईच्या इतिहासात गावाचे नाव राहिले. घोड्यावर बसलेली ती नवरी, तिच्यापुढचे वाजंत्री, घाटात रसद वाहणारे बैल आणि त्यांचे हाकणारे यांची नावे कुठेच नाहीत. परक्याने एक ओळ लिहिली म्हणून त्यांची सावली तरी आपल्याला दिसते.

२४/ म्हणून प्रवासाला निघालेल्या प्रत्येक तरुणाला एवढेच सांगावेसे वाटते. परके शहर डोळे भरून पाहा, मित्रासोबत पाहा, आणि पाहिलेले लिहून ठेवा. पण परतल्यावर आपल्या तालुक्यातली चारशे वर्षांची एखादी वास्तूही त्याच डोळ्यांनी पाहा. बुलढाण्याहून घाट उतरून रोहिणखेडला जा. मशिदीपुढे उभे राहून मागे वळा, म्हणजे बालाघाटाची भिंत दिसेल. याच खोऱ्यातून कधी काळी तीन थकलेले फिरंगी, सहलीचे निमित्त करून निघालेले, बुऱ्हाणपूरच्या दिशेने चालत गेले. त्यांची गोष्ट जगाने वाचली. आपली गोष्ट आपणच लिहायची आहे.

(धागा समाप्त. आपल्या गावातल्या जुन्या वास्तूविषयी, वाटेविषयी, घाटाविषयी काही ठाऊक असल्यास जरूर लिहा.)